ईपर ते लोरेट, एका बसमधून

पहिल्या महायुद्धाबद्दल मी गेली कित्येक वर्षं वाचत आलेय आणि जवळजवळ तितकीच वर्षं त्याबद्दल बोलायला माणूस शोधत आलेय. घरच्यांनी, मैत्रिणींनी प्रेमानं ऐकून घेतलं. पण अमुक पलटणीचं अमुक तारखेला काय झालं हे सांगायला लागले की समोरच्याचं लक्ष उडालेलं मला कळायचं. फ्रान्स-बेल्जियममधल्या पश्चिम आघाडीच्या गटसहलीत नाव नोंदवलं तेव्हा त्या जागा पाहायच्या होत्याच, पण हे सगळं माझ्याइतकंच मनाला लावून घेणारी माणसं एकदा तरी भेटावीत, ही ओढ त्याहून मोठी होती. सहप्रवाशांची नावं लिहीत नाही. त्यांनी घरच्या गोष्टी विश्वासानं सांगितल्या. त्यातल्या ज्या लिहायला हरकत नाही म्हणाले, तेवढ्याच इथं आहेत.

पहिला दिवस: ईपर

फ्रान्समधल्या लील स्टेशनवरून बस निघाली. आमचे मार्गदर्शक ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेले. हातात जाडजूड फाइल, तिच्यात प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेले खंदकांचे नकाशे. बस हमरस्त्याला लागल्यावर त्यांनी माइक हातात घेतला आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही कोणासाठी आलात?"

स्कॉटलंडच्या दोन बहिणी आजीच्या भावासाठी आल्या होत्या. इंग्लंडमध्ये बस चालवून निवृत्त झालेले एक सरदारजी पणजोबांसाठी. कॅनडातली एक तरुण शिक्षिका म्हणाली, "एकट्या कोणासाठी नाही, सगळ्यांसाठी." एक बाप आणि त्याचा सोळा वर्षांचा मुलगा होता, मुलाला रणगाड्यांचं वेड, बापाला मुलाबरोबर चार दिवस घालवायचे होते. मागच्या बाकावरचे एक वयस्क जर्मन गृहस्थ जरा थांबून म्हणाले, "आजोबांच्या भावासाठी. तो समोरच्या बाजूला होता." बसमध्ये क्षणभर कोणी बोललं नाही. मग थोरल्या स्कॉटिश बाईंनी मागं वळून विचारलं, "कुठली रेजिमेंट?" आणि बोलणं पुढं सरकलं.

माझी पाळी आली. मी खरं ते सांगितलं: माझं इथं कोणी नाही. मराठा पलटणी त्या युद्धात प्रामुख्यानं मेसोपोटेमियात लढल्या. इथं शोधायला माझ्याकडे घरातलं नाव नाही. मार्गदर्शक म्हणाले, "बरं झालं आलात. ज्यांच्यासाठी कोणी येत नाही असे इथं खूप आहेत."

वाटेत त्यांनी या सहलींचाच इतिहास सांगितला. युद्ध संपल्यावर लगेचच आया, विधवा, भावंडं इकडं येऊ लागली. कबर कुठं आहे हे कळलेलं असायचं, किंवा तेही नसायचं. 1928 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेनं सुमारे 11,000 लोकांना एकत्र रणभूमीच्या यात्रेला आणलं. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला शेजारच्या बाकावर तसंच कोणी भेटत होतं. आज या बसमधले लोक पणतू-पणत्या आहेत, पण बाकावरचं हे नातं तेव्हापासूनचं आहे असं मला वाटतं.

ईपर हे बेल्जियममधलं शहर युद्धात अक्षरशः जमीनदोस्त झालं होतं. आज दिसतो तो जुन्या वळणाचा कापडबाजार, त्याचा मनोरा, सगळं पुन्हा बांधलेलं. शहराच्या पूर्वेच्या वाटेवर मेनिन गेट उभं आहे. रेजिनल्ड ब्लूमफील्ड यांनी रचलेली ही कमान 1927 मध्ये खुली झाली. आतल्या भिंतींवर, जिन्यांच्या बाजूंना, वर तटाकडे जाणाऱ्या सज्जांत 54,000 हून अधिक नावं कोरलेली आहेत. ही सगळी बेपत्ता माणसं, ज्यांचा देह सापडला नाही किंवा सापडूनही ओळखता आला नाही अशी. भारतीय पलटणींची नावंही त्यांत आहेत.

1928 पासून इथं रोज रात्री आठ वाजता बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही मृत सैनिकांच्या स्मरणाची धून वाजते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात शहर असतानाची वर्षं सोडली तर यात खंड नाही. पोलिस कमानीखालची वाहतूक थांबवतात, बिगुलवाले रस्त्याच्या मधोमध उभे राहतात. गर्दी इतकी होती की मला पुढच्यांच्या पाठीच दिसत होत्या. सरदारजींनी हातानं खूण करून मला पुढं घेतलं. "आ जाओ बेटा, यहाँ से दिखेगा." बिगुल संपल्यावर आम्ही दोघं तटाकडे जाणाऱ्या जिन्यात उभं राहून बाकी गर्दी ओसरेपर्यंत नावं वाचत राहिलो. तिथून पुढं सहलभर ते माझे अंकल झाले.

दुसरा दिवस: ईपरभोवतीची शेतं

एसेक्स फार्म ही कालव्याकाठची छोटी दफनभूमी. शेजारी काँक्रीटच्या बुटक्या, ओलसर खोल्या आहेत. जखमींवर पहिले उपचार जिथं व्हायचे ते ठाणं. जॉन मॅक्रे हा कॅनेडियन डॉक्टर 1915 मध्ये इथं काम करत होता. त्या खोल्या नंतर पक्क्या बांधल्या गेल्या. त्याच्या वेळी बांधात खोदलेली बिळंच होती. 2 मे रोजी त्याचा तरुण मित्र अलेक्सिस हेल्मर तोफगोळ्यानं मारला गेला. जवळ धर्मगुरू नव्हता, म्हणून अंत्यविधीचे शब्द मॅक्रेनंच म्हटले. शेतातल्या लाल पॉपींवरची जी कविता आज जगभर म्हटली जाते, ती या मैत्रीतून आली. पुढच्या लढायांत हेल्मरची कबर नाहीशी झाली. आदल्या रात्री आम्ही ज्या कमानीखाली उभे होतो तिथं त्याचं नाव आहे. हे कळल्यावर शिक्षिकेनं डोक्याला हात लावला. ती त्या भिंतीपाशी होती आणि तिला माहीत नव्हतं. मुलगा म्हणाला, "परत जाऊ या ना." संध्याकाळी खरंच चौघंजण परत गेलो आणि कॅनेडियन तोफखान्याच्या रकान्यात ते नाव शोधून काढलं.

याच दफनभूमीत 15 वर्षांच्या एका ब्रिटिश सैनिकाची कबर आहे. वय चोरून भरती झालेला. शिळेपुढं पॉपीची कागदी फुलं, शाळकरी मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या. आमचा सोळा वर्षांचा सवंगडी तिथं गुडघ्यावर बसला आणि त्यानं एकेक चिठ्ठी वाचली. त्याचे वडील दहा पावलांवर थांबले. ते जवळ गेले नाहीत, आम्हीही नाही.

लांगेमार्कला जाताना मार्गदर्शकांनी बस थांबवली. रस्त्याच्या कडेला विजेच्या खांबापाशी गंजलेला तोफगोळा पडला होता, मातीनं माखलेला. शेतकऱ्यानं नांगरताना निघालेला उचलून ठेवलेला. बेल्जियन सैन्याचं बॉम्बनाशक पथक येऊन असे गोळे गोळा करतं आणि शंभर वर्षांनंतरही हे काम दरवर्षी चालूच आहे. आम्ही लांबूनच पाहिलं. त्यातले काही विषारी वायूचे असतात.

लांगेमार्क ही जर्मन दफनभूमी. ओकची झाडं, सावली, जमिनीत सपाट बसवलेल्या काळपट शिळा. 44,000 हून अधिक माणसं इथं आहेत आणि त्यातली सुमारे 25,000 एकाच सामूहिक कबरीत. पलीकडच्या कडेला एमिल क्रीगर यांनी घडवलेले चार सैनिक उभे आहेत, माना झुकवलेले, आपल्या साथीदारांकडे पाहणारे. जर्मन गृहस्थ सकाळपासून गटाच्या मागं मागं चालत होते. इथं आल्यावर ते नावांच्या ब्राँझच्या पट्ट्यांपाशी गेले आणि चष्मा बदलून शोधायला लागले. नावं बारीक, ऊन तिरपं. धाकट्या स्कॉटिश बाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आडनाव कसं लिहितात सांगा, मी खालून सुरू करते." मग अंकल गेले. मग मी आणि शिक्षिका. पाच माणसं पाच पट्ट्यांवरून बोट फिरवत होतो. नाव शिक्षिकेला सापडलं. गृहस्थांनी ते वाचलं, हात पाठीमागं बांधले आणि कितीतरी वेळ उभे राहिले. त्यानंतर ते बसमध्ये मागच्या बाकावर बसले नाहीत.

टाइन कॉट ही जगातली सर्वांत मोठी राष्ट्रकुल दफनभूमी. 1917 मध्ये पाशेंडालच्या चिखलात झालेल्या लढाईतल्या माणसांची. जवळजवळ 12,000 कबरी आणि त्यातल्या आठ हजारांहून जास्त अनोळखी. मागच्या अर्धवर्तुळाकार भिंतीवर आणखी जवळजवळ 35,000 बेपत्तांची नावं. दफनभूमीच्या दाराशी भिंतीत छोटं ब्राँझचं कपाट असतं, त्यात नोंदवही. स्कॉटिश बहिणींच्या हातात घरून आणलेला पॅनेल नंबर होता, तरी दोघींनी वही उघडून पुन्हा खात्री करून घेतली. या वेळी जर्मन गृहस्थ त्यांच्याबरोबर गेले. नाव उंचावर होतं. हात पोचत नव्हता. त्यांनी आपली काठी वर करून त्या ओळीवर टेकवली आणि बहिणींनी फोटो काढला. त्या फोटोत नाव आहे आणि काठीचं टोक आहे.

रणभूमीवरच्या स्मशानांचं वर्णन करताना लोक बहुतेक वेळा आकड्यांवर थांबतात. मला मात्र तिथली समानता सगळ्यांत जास्त जाणवली. 1917 मध्ये फेबियन वेअर यांच्या पुढाकारानं युद्धकबरींचा आयोग स्थापन झाला. त्याचं धोरण असं की सरदार असो की साधा शिपाई, शिळा सारख्याच उंचीची आणि देह मायदेशी न्यायचे नाहीत. श्रीमंत घरांनी विरोध केला होता. ज्यांना परवडेल त्यांनी मुलगा घरी नेला असता आणि बाकीचे इथंच राहिले असते. निर्णय योग्य होता असं मला मनापासून वाटतं. जे एकत्र राहिले, लढले, त्यांना एकत्रच ठेवलं गेलं.

तिसरा दिवस: पोपरिंगे

या दिवसाबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे, कारण इथं एकही लढाई झाली नाही.

पोपरिंगे हे ईपरच्या मागचं गाव, तोफांच्या माऱ्यापासून बऱ्यापैकी दूर. आघाडीवर जाणारे आणि तिथून परतणारे सैनिक इथं थांबायचे. डिसेंबर 1915 मध्ये फिलिप क्लेटन या लष्करी धर्मगुरूनं एका मोठ्या घरात सैनिकांसाठी विसाव्याची जागा उघडली. हूगे इथं मारल्या गेलेल्या गिल्बर्ट टॅलबट या तरुण अधिकाऱ्याच्या नावावरून घराचं नाव पडलं टॅलबट हाउस. उंबरा ओलांडला की हुद्दा बाहेर, असा इथला नियम. सैन्यात जो अधिकारी शिपायाशी एरवी बोलला नसता, तो इथं त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. वाचनालयातून पुस्तक हवं असेल तर डोक्यावरची टोपी ठेवून न्यायची. टोपीशिवाय सैनिक बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे पुस्तक परत येणारच.

आणि तिथं एक फलक होता. कोणता मित्र कुठल्या पलटणीत आहे, जिवंत आहे की नाही, हे ज्यांना कळत नव्हतं ते या फलकावर चिठ्ठी लावून जायचे. पुढं कधीतरी तो मित्र त्याच वाटेनं आला तर वाचायचा आणि खाली आपला पत्ता लिहायचा. एवढ्या मोठ्या संहारात माणसं एकमेकांना हाका मारत होती, त्या हाका इथं लागलेल्या असायच्या.

घर अजून तसंच चालू आहे. आत गेल्यावर स्वयंसेवक पुढं येतात, विचारपूस करतात, चहा देतात. लाकडी जिना अगदी उभा आहे. वर माळ्यावर छोटं प्रार्थनास्थळ, त्यात सुताराचं बाक वेदी म्हणून ठेवलेलं. त्या जिन्यावरून चढताना मधल्या पायरीवर थोरल्या बाई थांबल्या, कठडा धरून म्हणाल्या, "आजीचा भाऊ इथं आला असेल का?" तो पाशेंडालला मारला गेला म्हणजे या वाटेनं गेला असणं शक्य होतं, पण पुरावा काही नाही. मार्गदर्शकांनी खोटा दिलासा दिला नाही. "शक्य आहे. पलटणीची वॉर डायरी पाहू," एवढंच म्हणाले, आणि रात्री खरंच त्यांनी लॅपटॉपवर ती पलटणीच्या रोजच्या नोंदींची डायरी उघडून दिली. त्या महिन्यात त्यांची पलटण पोपरिंगेजवळ मुक्कामाला होती. दोघी बहिणींनी एकमेकींचे हात घट्ट धरले.

खाली पियानो आहे. शिक्षिकेनं वाजवायला सुरुवात केली आणि बाकीचे भोवती जमले. बाप-लेक एकाच खुर्चीच्या हातांवर बसले होते. आदल्या दिवशीपर्यंत त्यांचं बोलणं हो-नाहीच्या पलीकडे गेलेलं मी ऐकलं नव्हतं. आता मुलगा बापाला 1916 च्या रणगाड्यांबद्दल काहीतरी समजावत होता आणि बाप प्रश्न विचारत होता. अंकल माझ्या शेजारी. म्हणाले, "पूरी उम्र बस चलाई है, इतने लोगों को छोड़ा-बिठाया. ऐसे बैठकर किसी से बात नहीं की." मी त्यांना सांगितलं की माझंही तसंच आहे. ज्या गोष्टी मी इतकी वर्षं मनात ठेवून होते त्या या तीन दिवसांत सांगून टाकल्या आणि कोणी विषय बदलला नाही. उलट प्रश्नावर प्रश्न आले.

दुपारी मेसिनच्या टेकडीवर गेलो. 7 जून 1917 च्या पहाटे 3 वाजून 10 मिनिटांनी ब्रिटिशांनी जर्मन खंदकांखाली पेरलेले 19 सुरुंग उडवले. त्यातल्या एकाचा खड्डा आता तळं झालाय. युद्धानंतर तो जपला जावा म्हणून क्लेटन यांच्याच प्रयत्नातून विकत घेतला गेला. जवळच आयरिश शांतता उद्यान आहे, तिथं 34 मीटर उंच दगडी मनोरा. त्या सकाळी आयर्लंडच्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट तुकड्या शेजारी-शेजारी लढल्या होत्या. घरी त्यांचे लोक एकमेकांवर बंदुका रोखून होते. मनोरा उभा राहायला 1998 साल उजाडावं लागलं.

चौथा दिवस: नव्ह शापेल

बस पुन्हा फ्रान्समध्ये आली. अंकल सकाळपासून गप्प. पगडी आज केशरी होती, इस्त्रीचा कोट, खिशात घडी केलेला कागद.

सप्टेंबर 1914 च्या अखेरीस भारतीय सैनिक मार्सेय बंदरात उतरले आणि काही आठवड्यांत थेट आघाडीवर गेले. ऑक्टोबर संपता संपता हॉलेबेके इथं खुदादाद खान यांनी मशीनगन एकट्यानं चालवत ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय सैनिक. 28 ऑक्टोबरला 47 वी शीख पलटण आणि सॅपर्स अँड मायनर्स या अभियंता दलाच्या तुकड्या नव्ह शापेल गावात घुसल्या. गल्लीगल्लीत, घराघरांत लढाई झाली. कुमक आली नाही, त्यांना मागं फिरावं लागलं आणि फार थोडे परतले. अंकलचे पणजोबा त्या 47 व्या शीख पलटणीत होते. मार्च 1915 मध्ये याच गावासाठी पुन्हा लढाई झाली, तेव्हा हल्ला करणाऱ्या सैन्यात जवळपास निम्मे भारतीय होते.

स्मारक चौरस्त्यावर आहे. हर्बर्ट बेकर यांची रचना, 1927 मध्ये उद्घाटन. वर्तुळाकार प्रांगण, एका बाजूला दगडी जाळी, मधोमध सुमारे 15 मीटर उंच स्तंभ, माथ्यावर कमळ, पायाशी दोन वाघ. स्तंभावर इंग्रजीबरोबर देवनागरी, गुरुमुखी आणि अरबी अक्षरं. बेल्जियम-फ्रान्सच्या सपाट बीटच्या शेतांतून तासभर प्रवास करून आल्यावर त्या अक्षरांवर नजर पडली आणि माझा घसा भरून आला. दुसऱ्या अर्ध्या भागातल्या भिंतीवर 4,700 हून अधिक नावं, पलटणीवार. सैनिकांबरोबर कामकऱ्यांचीही.

47 व्या शिखांचा रकाना सापडायला वेळ लागला नाही. नाव सापडायला लागला, कारण एकसारखी नावं पुष्कळ आहेत. घरच्या कागदावरचा क्रमांक आणि नोंदवहीतला क्रमांक जुळवून पाहावा लागला. कागद माझ्या हातात, नोंदवही मुलाच्या हातात. तो आकडे वाचत होता, मी ताडून पाहत होते. जुळला. अंकलनी जोडे काढले, भिंतीपर्यंत गेले आणि कपाळ दगडाला टेकवलं. घरातलं कोणीही आजवर इथं आलं नव्हतं.

मग असं झालं. थोरल्या स्कॉटिश बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला ही नावं नीट म्हणता येत नाहीत. तू वाचशील का? मोठ्यानं?"

मी वाचायला लागले. आधी अंकलच्या पणजोबांचं, मग त्यांच्या वर-खालची. मग पुढचा रकाना, गढवाल रायफल्स. गब्बर सिंग नेगी यांचं नाव तिथं आहे. 10 मार्च 1915 ला खंदकात शिरणाऱ्या संगीनधाऱ्यांत ते पुढं होते, नेतृत्व करणारा पडल्यावर त्यांनीच सूत्रं हाती घेतली आणि तिथंच मारले गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. मग रावत, बिश्त, थापा, गुरुंग. मी एक नाव म्हणायचे आणि मागून सगळे ते पुन्हा म्हणायचे. स्कॉटिश तोंडातून, कॅनेडियन तोंडातून, जर्मन तोंडातून. चुकलं की मी थांबून पुन्हा म्हणत होते आणि तेही न कंटाळता पुन्हा म्हणत होते. जर्मन गृहस्थांना 'थ' येत नव्हता. त्यांनी तो येईपर्यंत सोडला नाही. किती वेळ गेला कळलं नाही. बसच्या चालकानं येऊन घड्याळ दाखवलं, मार्गदर्शकांनी त्याला हातानं थांबवलं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, माझं इथं कोणी नाही. आता ते वाक्य मला खरं वाटत नव्हतं. रक्ताच्या नात्यानं नसतील, पण ही नावं ज्या उच्चारात त्यांच्या आयांनी ठेवली त्या उच्चाराच्या जवळपास म्हणणारी त्या दिवशी तिथं अंकल आणि मी एवढेच होतो. आणि आमच्यामागून ती म्हणणारे बाकीचे लोक माझे होते, याबद्दलही शंका उरली नाही.

समोरच रस्त्यापलीकडे पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे. अंकल म्हणाले, "वहाँ भी चलते हैं, पड़ोसी हैं." सगळे गेलो.

पाचवा दिवस: सोम

मुक्काम आता अरासला. सकाळी लवकर निघालो आणि लॉकनागरच्या खड्ड्यापाशी थांबलो. 1 जुलै 1916, सोमच्या लढाईचा पहिला दिवस, सकाळी 7 वाजून 28 मिनिटं; जमिनीखालचा सुरुंग उडाला आणि जवळपास 100 मीटर रुंदीचं हे विवर तयार झालं. दोन मिनिटांनी पायदळ निघालं. दिवस संपेपर्यंत ब्रिटिशांची 57,470 माणसं जायबंदी, बेपत्ता किंवा मृत. त्यातले 19,240 मृत.

सेरच्या झाडीपाशी मात्र माझा पाय निघेना. 1914 मध्ये सरकारनं आश्वासन दिलं होतं: मित्र-मित्र मिळून भरती व्हा, एकत्रच ठेवू. एका गावातले, एका गिरणीतले, एका फुटबॉल संघातले तरुण एकत्र आले आणि त्यांच्या पलटणी झाल्या. अ‍ॅक्रिंग्टन या छोट्या गिरणीगावाच्या पलटणीतले सुमारे 720 जण त्या सकाळी सेरच्या चढाकडे निघाले. पहिल्या अर्ध्या तासाच्या आसपास त्यातले 584 मेले, जखमी झाले किंवा नाहीसे झाले. बातमी पोचली तेव्हा गल्लीच्या गल्ली एकाच आठवड्यात काळवंडली. मैत्रीच्या जोरावर माणसं तोफांसमोर उभी राहिली हे खरं, आणि त्या मैत्रीचा असा वापर केला गेला याचा मला अजून राग येतो. त्या दिवशी तो मी सगळ्यांसमोर बोलून दाखवला. मार्गदर्शक, जे स्वतः फौजी, म्हणाले, "फौजेत माणूस शेजारच्यासाठीच लढतो. म्हणून शेजारच्याला कुठं पाठवतोस याचा हिशेब वरच्यानं द्यायला हवा." यावर मुलानं विचारलं, "मग कोणी दिला का?" बराच वेळ चर्चा चालली, एकमत झालं नाही. पण वाद घालताना कोणी दुरावलं नाही.

हाय वूड या रानाच्या बाजूनं जाताना अंकलनी खिडकीतून दाखवलं. 14 जुलै 1916 च्या संध्याकाळी याच शेतांतून 20 वी डेक्कन हॉर्स ही भारतीय घोडदळाची पलटण भाले घेऊन घोड्यांवरून दौडली होती. गहू उभा होता तेव्हाही, आजही.

तिएपवालचं स्मारक लटियन्स यांचं. लाल विटांच्या कमानींवर कमानी, 72,000 हून अधिक बेपत्तांची नावं. एखाद्याचा देह शेतात सापडून ओळख पटली आणि दफन झालं की भिंतीवरचं त्याचं नाव यथावकाश काढलं जातं. मागच्या उतारावर 300 फ्रेंच आणि 300 राष्ट्रकुल कबरी समोरासमोर. जर्मन गृहस्थ आणि थोरल्या बाई तिथल्या पायऱ्यांवर एकमेकांच्या आधारानं उतरत होते. दोघांचेही गुडघे दुखरे.

सहावा दिवस: व्हिमी आणि लोरेट

व्हिमीला शिक्षिकेनं ताबा घेतला. कॉलेजात असताना ती इथं विद्यार्थी-मार्गदर्शक म्हणून राहिली होती. 9 एप्रिल 1917 ला कॅनडाच्या चारही डिव्हिजन पहिल्यांदा एकत्र लढल्या त्या या टेकडीवर. दोन बाजूंच्या खंदकांत काही ठिकाणी इतकं कमी अंतर आहे की पलीकडचा खोकला ऐकू यावा. गवताखाली अजून न फुटलेले गोळे आहेत, म्हणून तिथं माणसं जात नाहीत, मेंढ्या चरतात.

लोरेटच्या टेकडीवर फ्रान्सची सर्वांत मोठी राष्ट्रीय दफनभूमी आहे आणि तिच्यासमोर 2014 मध्ये उभारलेलं स्मृतिवलय. फिलिप प्रोस्त यांनी रचलेल्या या लंबवर्तुळाच्या आतल्या बाजूच्या धातूच्या पट्ट्यांवर 5,79,606 नावं. उत्तर फ्रान्सच्या या भागात मेलेल्या सगळ्यांची. देश नाही, हुद्दा नाही, बाजू नाही, फक्त वर्णानुक्रम. श्मिटनंतर स्कॉट, स्कॉटनंतर स्मिथ. आम्ही आपसूकच पांगलो आणि एकमेकांची नावं शोधायला लागलो. अंकलच्या पणजोबांचं नाव जर्मन गृहस्थांनी शोधलं आणि लांबून हाक मारली, अंकलना नव्हे, मला. "ये, हे बरोबर आहे का बघ!" बरोबर होतं.

दुपारी लील स्टेशनवर सामान मधे ठेवून सगळे गोल उभे होतो आणि पुढच्या वर्षी कुठं जायचं यावर जोरात बोलणं चाललं होतं. कोणी गॅलिपोली म्हणालं, कोणी व्हर्दन. थोरल्या बाई माझ्याकडे वळल्या, "तू सांग." मी इटली म्हटलं, दुसऱ्या महायुद्धात तिथं लढलेल्या मराठा पलटणींसाठी. सेनियो नदीकाठी 9 एप्रिल 1945 ला नामदेव जाधवांनी जखमींना पाण्यातून वाहून आणलं, मशीनगनी बंद पाडल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना बोलावलं. त्याआधी 10 जुलै 1944 ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले. ठाणं घेतलं आणि तिथंच गोळी लागली. माँटोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ आहे. अंकल म्हणाले, "हमारे लड़के भी थे इटली में. चलेंगे." एप्रिल की जुलै यावर जरा अडलं, पण शिक्षिकेला सुट्टी जुलैतच मिळते आणि मुलाची शाळाही तेव्हाच बंद, म्हणून जुलै ठरला. बहिणींनी तिथल्या चढणी किती, ते विचारलं. मार्गदर्शकांनी फाइलमधून कोरा कागद काढून सगळ्यांचे पत्ते लिहून घेतले. मुलानं तोवर फोनवर माँटोनेचा नकाशा उघडला होता आणि टायबर कुठून वाहते ते जर्मन आजोबांना दाखवत होता.